वहाळापलीकडचं भाड्याचं घर

डोंगर चढायच्या आधी माझ्या मित्राने शिट्टी विकत घेतली. मग खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली, मग मंडळ काढलं, मंडळाची घटना छापली, आणि त्या घटनेच्या तिसऱ्या कलमात 'डोंगर' हा शब्द पहिल्यांदा आला. हे एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. त्या काळी रत्नागिरीतल्या शिकलेल्या माणसांना मोकळ्या हवेचं वेड लागलं होतं. कोणी पहाटे भाट्याच्या पुळणीवर धावायला जाई, कोणी खाडीत पोहायला, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नसे ते त्यावर व्याख्यानं देत. माझ्या मित्राला तिन्ही जमत. धंद्याने तो वकील. आवाज मोठा होता, आणि मन त्याहून मोठं आहे असं मी समजत असे.

असं समजायला कारण होतं. पुण्याला कॉलेजात असताना मला विषमज्वर झाला. खोलीतले बाकीचे वळकट्या उचलून दुसरीकडे गेले आणि हा एकटा उशाशी बसून राहिला. पेज भरवली, भांडी धुतली, परीक्षा बुडवली. असा माणूस पुढे शिट्ट्या वाजवायला लागला तर त्याला हसायचं ते तोंडावर, पाठीमागे नाही, एवढं पथ्य मी हायस्कुलात मास्तर झाल्यावरही पाळत आलो होतो.

त्या साली माझ्या बायकोला हिवतापाने फार खाल्लं. पावसाळा संपला तरी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून दम घेई. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. महाबळेश्वर हे आमच्यासारख्यांनी भूगोलात शिकवायचं ठिकाण होतं, जायचं नव्हे. तेव्हा मित्रच म्हणाला, "घाटाच्या पायथ्याला घर देतो तुला. माझ्या पक्षकाराचं. तो मुंबईला असतो, घर बंद आहे. नाममात्र भाडं. वहिनींना चालू दे, चढू दे, ओढ्यात डुंबू दे. पण जायचं ते नाताळात. मी मागाहून येतोच."

घराला तो 'कॉटेज' म्हणे. नाताळाचा त्याचा आग्रह मला थोडा जास्त वाटला, पण माझी सुट्टी तेव्हाच असते हे त्याच्या लक्षात राहिलं याचं मला कौतुकच वाटलं.

मोटारीने खारेपाटणपर्यंत, तिथून बैलगाडीने आणि शेवटी पायी, असे आम्ही त्या गावी पोचलो. कॉटेज म्हणजे जांभ्याच्या भिंतींचं, कौलारू, दोन खोल्यांचं आणि एका पडवीचं घर होतं. गावात त्याला 'मुंबैकाराचा घर' म्हणत. मागच्या दारी उभं राहिलं की घाट असा अंगावर येई की मान मागे टाकल्याशिवाय त्याचा माथा दिसत नसे. गाव पंचवीसतीस घरांचं, आणि त्याच्या अंगणाच्या कडेने वाहावा तसा एक वहाळ, म्हणजे ओढा. वहाळ हीच गावाची शीव. अलीकडे गाव, पलीकडे उतारावरचं रान.

किल्ली शेजारच्या काकीकडे होती. उंच, काळीसावळी, कमरेला कोयता अडकवलेली बाई. तिने माझ्या बायकोकडे नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, "हिका जेवूक घालत नाय तुमी?"

"ताप येत होता," मी म्हटलं.

"ताप येता तो जेवणार नाय तेका," काकी म्हणाली आणि संध्याकाळी नाचणीच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी घेऊन आली. डॉक्टरांच्या बाटल्या मी बरोबर आणल्या होत्या. त्या तशाच परत नेल्या.

रत्नागिरीत माझ्या बायकोचं चालणं म्हणजे घर ते विहीर आणि घर ते देऊळ. इथे पहिल्या दिवशी ती वहाळापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी वहाळाच्या वरच्या कोंडीत, गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून उभी राहिली आणि किती तरी वेळ बाहेरच येईना. त्यानंतर काकी गवताला जाई तेव्हा तिच्याबरोबर ती करवंदीच्या जाळ्यांतून वर चढू लागली. मी मागे. एका दुपारी आम्ही अर्ध्या घाटातल्या खिंडीपर्यंत गेलो. तिथून खाली गावाची कौलं बोटाच्या पेरांएवढी दिसत होती आणि पश्चिमेला, काकी सांगत होती म्हणून, समुद्र. बायको दगडावर बसली, आणि दम लागला म्हणून नव्हे, बसावंसं वाटलं म्हणून बसली. हा फरक मी बरेच महिने पाहिला नव्हता.

काकीच्या घरी तिची सून होती. मुलगा मुंबईला गिरणीत. सून दिवसांत होती, आणि दिवस भरत आले होते. आदल्या खेपेला ही माहेराहून परत येताना वाटेतच, गाडीत, बाळंत झाली होती. मूल गाडीतच गेलं. तेव्हापासून तिचा एकच हट्ट होता. मूल व्हायचं ते घरात, भिंतींच्या आत, कौलाखाली. काकीने तिच्यासाठी माजघरामागची खोली तयार केली होती. जमीन सारवून गुळगुळीत केलेली, बाज, शेकायला आगटी, कोपऱ्यात चिरून रचलेली आइनाची सुकी लाकडं, जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या. सुनेने ती खोली माझ्या बायकोला दाखवली ती एखादीने रुखवत दाखवावं तशी. बायकोने आपलं एक जुनं लुगडं फाडून दुपटी शिवायला घेतली.

गावपळणीची गोष्ट आम्हाला कळली ती त्या दुपट्यांच्या शिवणावर. काकी पडवीच्या कडेला बसून सुपारी कातरत होती. म्हणाली, "ह्याच आठवड्यात गाव भायर पडता. तुमका पण भायर पडूक व्हया."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? देवाक गाव मोकळो करून देवचो. तीन राती. माणूस नाय, गोरू नाय, कोंबो नाय."

"आणि मांजर?" बायकोने विचारलं.

"मांजराक कोण सांगतला? ता आपलाच मागसून येता."

पौषात, भात घरात आलं की, ग्रामदेवतेचा कौल घेऊन ते सगळं गाव चुली विझवून वहाळापलीकडे जाई. तिथे खोपी बांधून तीन रात्री राही. त्या दिवसांत गावात देवाचा वावर असतो, माणसाने पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देव 'या' म्हणाला की परत यायचं. मी काही देवभोळा माणूस नव्हे. पण वर्षातून तीन दिवस घरात कोणी नसावं असं देवाला वाटत असेल तर ते मला फार समजण्यासारखं होतं. मास्तरालाही वाटतं.

"माका चिंता एकच," काकी म्हणाली आणि सुनेकडे मानेने दाखवलं. "चवथ्या दिसाक घराक इलो म्हणजे झाला. मगे हिचा काय ता हिच्या खोलीत होव दे. तोवर देवान तिका संबाळूक व्हया."

"संभाळेल," बायको म्हणाली. सुनेने मान वर केली नाही. ती टाके मोजत होती.

मित्र आला तो गाव बाहेर पडायच्या आदल्या दिवशी. खांद्याला कॅमेरा, पाठीला पिशवी, गळ्यात शिट्टी. गावपळणीचं ऐकून त्याने "असं का?" म्हटलं, इतकं साधं की मला बरं वाटलं. या विषयावर तो तासभर बोलेल अशी माझी भीती होती. उलट म्हणाला, "फारच उत्तम. खोपीत राहू. उघड्यावर राहण्यासारखा व्यायाम नाही."

त्या संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं होतं. गावकर, म्हणजे देवाचा पहिला मान ज्याच्याकडे तो म्हातारा, प्रत्येक घराला विचारत होता, सकाळी चूल विझेल ना, गुरं सुटतील ना. आमच्यापाशी आल्यावर त्याने मित्राला नखशिखांत पाहिलं. चड्डीपाशी नजर जराशी थांबली.

"तुमी पण देवाचो नेम पाळतलात मा?"

"पाळीन," मित्र म्हणाला. "तुमचा देव तो माझा देव."

"ह्येंचो जामीन कोण?" गावकराने मला विचारलं.

"जामीन कशाला?" मी म्हटलं. "शिकलेला माणूस आहे. वकील आहे."

"म्हणानच इचारलंय," म्हातारा म्हणाला. सगळी बैठक हसली, मित्रही हसला. मी म्हटलं, "जामीन मी." मला विचार करावा लागला नाही. ज्याने माझी ओकारी धुतली त्याचा जामीन राहायला विचार कसला करायचा?

दुसऱ्या सकाळी गाव उठून गेलं. पुढे गुरं, मागे डालग्यांत कोंबड्या घेतलेल्या बायका, डोक्यावर तांदळाची गाठोडी, कुत्री, एक आजारी म्हातारा कांबळ्याच्या झोळीत. काकीने चुलीवर पाणी ओतलं तेव्हा चूल एकदा फुसकन बोलली आणि गप्प झाली. सून निघताना आपल्या खोलीच्या चौकटीला हात लावून आली. मी माझ्या भाड्याच्या घराला कडी घातली. कुलूप लावायची पद्धत नव्हती, कारण देवाला कुलूप लावत नाहीत. मला ते रीतीला धरून वाटलं.

पलीकडचे ते दिवस मजेचे होते हे मी नाकारत नाही. गाव सुट्टीवर गेलं होतं. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष दिवसाढवळ्या पत्ते खेळत होते. माझी बायको सकाळी पोरींबरोबर वरच्या झऱ्याचं पाणी आणायला जाई आणि हंडा कडेवर घेऊन न थांबता परत येई. मित्राने मुलांना कवायतीला रांगेत उभं केलं. रांग शिट्टी वाजेपर्यंत टिकली. खोपी मात्र खोपीच होत्या. बांबूचे चार दांडे, वर झावळ्या आणि गवत. घाटावरून उतरणारा वारा त्यांच्यातून सरळ आरपार जाई. काकीने सुनेच्या बाजूला दोन कांबळी टांगली होती. सून हलत होती ती कमीत कमी, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी. तिच्यासाठी सगळं गाव एकेक दिवस मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्र म्हणाला, "मी वरच्या धनगरवाड्यावर जाऊन येतो. रात्र तिथेच काढीन. सूर्योदय बघायचा आहे." काकीने त्याला शिदोरी बांधून दिली. तो चढाला लागेपर्यंत आम्ही बघत होतो.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली होती. सगळ्यांत आधी सून ओरडली. "घर पेटला."

सगळे धावत वहाळाच्या काठाशी आले. पलीकडे, गावाच्या मधोमध, मुंबईकराच्या घराच्या कौलांतून धूर येत होता. सुकं गवत, लाकडी वासे, एकाला एक लागून घरं. आणि मी पाहिलं की शंभरभर माणसं काठावर उभी आहेत, आपापली घरं जळतील या भीतीने पांढरी पडलेली, आणि एकाचाही पाय पाण्यात पडला नाही. काकीने सुनेचा दंड धरून ठेवला होता. गावकराने डोळ्यांवर हात घेतला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "आग न्हय ती. चूल आसा."

मला तेव्हा कळलं. काही गोष्टी कळायला पुरावा लागत नाही, माणूस माहीत असला की पुरतं. मी मोठ्याने हाक मारली. दुसऱ्या हाकेला पडवीत खाकी चड्डी दिसली. हातात माझ्या बायकोचा एनॅमलचा पेला होता. तो सावकाश चालत वहाळाच्या त्या काठाला आला. आमच्यामध्ये घोटाभर पाणी होतं.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"आता आलोच आहे तर काय? चहा घेतो. एक रात्र काढली, काही झालं नाही. झोप उत्तम लागली." त्याने पेला उंचावून मागच्या माणसांना दाखवला. "बघा मंडळी, जिवंत आहे."



"धनगरवाड्यावर गेला होतास ना?" मी विचारलं.

"गेलो. आणि पलीकडच्या वाटेने उतरलो. फोटो घेतले रिकाम्या गावाचे. अरे, असं दृश्य मिळायचं नाही पुन्हा. मोकाट देवाच्या गावात मला एक उंदीरसुद्धा दिसला नाही."

"तू शब्द दिला होतास."

"देवाला ना? तो घेईल माझ्याकडून." मग आवाज खाली आणून, जणू आम्ही दोघेच आहोत अशा समजुतीने म्हणाला, "हे बघ. मी तुला आधी सांगितलं असतं तर तू आला असतास? तुझ्यासारखं कुटुंब राहत होतं म्हणून गावाने मला थारा दिला. एकट्याला दिला नसता. पक्षकाराने मला ही तारीख उन्हाळ्यातच सांगितली होती. घर काय हवेसाठी घ्यायचं? हवा रत्नागिरीलाही आहे."

माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. ती कित्येक महिन्यांत पहिल्यांदा जिथे धापा न टाकता चढली होती ती सगळी जागा, ती खिंड, तो झरा, काकीची पिठी, एका व्याख्यानाच्या तयारीचा भाग होती. हे तिने ऐकलं. ती वळली आणि सुनेजवळ जाऊन बसली.

मित्र वहाळ ओलांडून आला. त्याला वाटलं होतं लोक अंगावर धावून येतील. त्यासाठी त्याने एक छोटं भाषण तयार ठेवलं असावं, कारण तो एकदोनदा खाकरला. पण कोणी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याला कोणी पाणी विचारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याने पिशवी भरली आणि खारेपाटणची वाट धरली. मी त्याला पोचवायला गेलो नाही.

गावकर माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, जामीन तुमी." एवढंच. पुढे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं आणि मोकळा झालो असतो.

चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणाला कौल लावला. ओल्या दगडाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावकराने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा, चूक परक्याची आसा, पोटात घाल. आमच्या पोरीचे दिवस भरले आसत, तिका घराक जाव दे." सून माझ्या बायकोच्या खांद्याला धरून उभी होती. तिने गाठोडं बांधून ठेवलं होतं.

डावी कळी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावीच. ओल दगडाच्या त्या बाजूला कमी असेल, वारा तिकडून येत असेल, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि गावकराला ते सांगावं असंही क्षणभर वाटलं. पण त्याचा चेहरा बघितला. त्या म्हाताऱ्याला नकार मिळवण्यात काही सुख नव्हतं. त्याने पाषाण पुसला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "आज नाय. उद्या बघूया."

सुनेने गाठोडं सोडलं आणि त्यातल्या घड्या पुन्हा खोपीत मांडल्या. त्या संध्याकाळीच तिच्या कळा सुरू झाल्या.

सुईण गावातलीच होती, म्हणजे तिथेच होती. खोपीपुढे शेकोटी केली. वारा सुटला होता. बायकांनी कांबळी हातांनी धरून भिंती केल्या, आणि त्यांतली एक भिंत माझ्या बायकोने धरली. मला हे सकाळी तिने सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. मुलगी झाली होती. लहानशी, पण रडली.

त्याच सकाळी कौल लावला आणि उजवी कळी पडली. गाव आनंदाने उठलं, गुरं पुढे, कोंबड्या मागे. गेले तसेच परत निघाले. काकी तिथेच बसून राहिली. मी तिला म्हटलं, चला, झोळी करू, चार माणसं उचलून नेतील.

"सोयर आसा, मास्तरानू," ती म्हणाली. "देव इलेल्या गावात बाळंतीण कशी नेवची? बारशाक नेवची."

म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत. नेम काकीने केलेला नव्हता, आणि तो मोडावा असंही तिच्या मनात आलेलं नव्हतं. देव गावात पाऊल टाकून गेल्यावर गाव सोवळं असतं, मूल घरातच झालं तर चालतं, पण बाहेरून विटाळ आत न्यायचा नाही. खोली तिथेच होती, वहाळापलीकडे, हाकेच्या अंतरावर, सारवलेली, लाकडं रचलेली. सुनेला तिची कौलं पडल्या पडल्या दिसत होती.

मी बायकोला म्हटलं, "परवा शाळा सुरू होते."

"शाळा तुमची आहे," ती म्हणाली. "मी इथे थांबते."

रत्नागिरीला परत आलो आणि त्याच दिवशी मित्राकडे गेलो. बसलो नाही. जे झालं होतं ते सगळं सांगितलं. खोपी, वारा, कळा, मुलगी. तो गंभीरपणे ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "दोघी सुखरूप आहेत ना?" मला वाटलं, शेवटी हा तोच माणूस आहे.

त्या रविवारी त्याचं व्याख्यान होतं. विषय, 'ओसाड गावातील एक रात्र'. दिवाणखाना भरला होता. अध्यक्षांनी वक्त्याच्या धैर्याची तुलना ज्या ज्या वीरांशी केली त्यांतले निम्मे कवायतीच्या रांगेत उभे राहिले नसते. मग मित्र उठला. फोटो हातोहात फिरले. निर्मनुष्य गल्ली, बंद दारं, एका पडवीत एनॅमलचा पेला. तो चांगलं बोलला. ते तो नेहमीच बोले. आणि शेवटी म्हणाला, "सज्जनहो, कोप झाला का? उलट, त्याच रात्रींच्या सुमारास त्या गावच्या एका स्त्रीला सुखरूप कन्यारत्न झालं. माता आणि बालक खुशाल आहेत. माझे मित्र इथे साक्षीला बसले आहेत." टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडे वळून बघू लागले.

मी उभा राहिलो. म्हटलं, "हे सगळं खरं आहे. फक्त वक्त्यांनी ती माता कुठे आहे तेही सांगावं."

"घरी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत असावं.

"घरी नाही. रानात, झावळ्यांच्या खोपीत आहे. तुमच्या चहामुळे देवाने गावाला एक दिवस आत घेतलं नाही, आणि त्या एका दिवसात ती बाळंत झाली. देव खोटा असेल. तो दिवस खोटा नाही. माझी बायको तिच्यापाशी आहे. ज्यांना तिला विचारायचं असेल त्यांनी तिथे जाऊन विचारावं."

मग अध्यक्ष म्हणाले की वेळेअभावी चर्चा आवरती घेऊन आता आभारप्रदर्शन होईल. आभारप्रदर्शन झालं.

बाहेर पायरीवर मित्राने मला गाठलं. त्याचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते.

"चारचौघांत," तो म्हणाला, "तू माझा विश्वासघात केलास. मी तुझ्यासाठी काय काय केलं, आणि तू?"

"केलंस ते मला आठवतं," मी म्हटलं.

"मग? शब्द दिला होता म्हणतोस, तो कोणाला? दगडाला."

"मध्ये मी उभा होतो," मी म्हटलं.

त्याला ते समजलं नाही. तो खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, हे मला त्याच्या कपाळावरून दिसत होतं, आणि तेच मला त्याच्या चहापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर आम्ही वाटेत भेटलो की नमस्कार करत असू. अजूनही करतो.

बारशाच्या दिवशी मी बायकोला आणायला गेलो. वहाळाच्या रानाकडच्या काठाला खोप सोडून झाली होती. काकीच्या हातात मुलगी होती, माझ्या बायकोने शिवलेल्या दुपट्यात. सून काठी टेकत उभी होती. या बारा दिवसांत ती पहिल्या दिवशीच्या माझ्या बायकोइतकी फिकी झाली होती, आणि आता ताप तिच्या अंगात होता. मी पुढे झालो तसा काकीने हात केला.

"तुमी हंयच रवा, मास्तरानू. राग नाय. पण देवाक काय सांगू?"

मी राहिलो. माझं सामान कोणी तरी भाड्याच्या घरातून आधीच आणून काठावर ठेवलं होतं. बाटल्या, कंदील, एनॅमलचा पेला, सगळं धुऊन पुसून. तिघी वहाळ ओलांडून गेल्या, सुनेला मधे धरून. मी झाडाखाली बसलो. घाटावरून वारा येत होता, दुपार असूनही गार. अर्ध्या तासाने बायको एकटीच परत आली. पायांवरचं पाणी झटकलं आणि पिशवी उचलली.

खारेपाटणच्या वाटेला लागल्यावर मी विचारलं, "खोलीत नेलं तिला?"

"नेलं. बाजेवर निजवलं. आगटी पेटवली."

"बरी होईल?"

"काकी म्हणते होईल." ती थोडं चालली. चढ होता, पण ती थांबली नाही. "सून विचारत होती, ते वकील पुन्हा येतील का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही येणार. आम्हीही येणार नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बरा.'"